सचखंडमधली सोबत

सचखंड एक्स्प्रेसनं जायचं तर पिशवीत ताट-वाटी हवीच, हे परभणीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. नांदेडहून सकाळी सुटलेली ही गाडी दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोचते, आणि वाटेत ठिकठिकाणच्या स्टेशनांवर सेवादार लंगर घेऊन उभे असतात. पैसे नाहीत, नाव-गाव-जात विचारणं नाही. दारातून नाहीतर खिडकीतून भांडं पुढं करायचं, बस्स. कित्येक वर्षांपासून हे असंच चालू आहे.

2024 च्या दिवाळीच्या आधी आईला घेऊन अमृतसरला गेले, तेव्हा तिनं दोन ताटल्या, दोन वाट्या आणि शिवाय भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी असं वेगळं बोचकं घेतलं होतं. वर मला ताकीद : "गाडीत कुणी काही दिलं तर खायचं नाही." स्टेशनवर तीच सूचना लाउडस्पीकरवरून ऐकू येत होती. गुंगीचं औषध घालून लुटतात, ही भीती काही खोटी नाही. पण मग सचखंडमध्ये करायचं काय? तिथं तर अख्खा डबा अनोळखी हातचं जेवतो.

आमच्या समोर सत्तरीचं एक शीख जोडपं होतं. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन पंजाबात तरनतारनकडं आपल्या गावी परत निघालेलं. आजोबांना सगळे दारजी म्हणत होते, आजींना बीजी. आम्हीही तेच म्हणू लागलो. साइड लोअरला पंचविशीचा एक पगडीवाला मुलगा होता. आईला हिंदी जेमतेम येतं, म्हणून ती गप्पच होती. तेवढ्यात तो पोरगा म्हणाला, "काकू, कुठं चाललाव? दरबार साहिबला का?" म्हणजे सुवर्णमंदिराला. आई एकदम ताठ बसली. पंजाबातल्या पोराच्या तोंडून आमची मराठवाडी बोली!

तो हार्वेस्टर चालवायचा. संगरूरचा, पण सोयाबीनच्या काढणीला दरवर्षी आमच्याकडं येणारा. पूर्णा, वसमत, हिंगोलीकडची गावंच्या गावं त्याला पाठ होती. कुणाच्या रानात ओल धरते, कुणाच्या बांधावर मशीन वळत नाही, सगळं. हंगाम आटोपून, मशीन पूर्णेलाच ठेवून तो दिवाळीला घरी निघाला होता. आई आणि तो सोयाबीनच्या भावावर लागले. सरकारनं त्या साली हमीभाव 4892 रुपये क्विंटल जाहीर केला होता, आणि आमच्या आडतीत त्याच्या कितीतरी खाली सौदे चालले होते. दारजी लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी धानाचं सांगायला सुरुवात केली, आणि तो पोरगा मध्ये बसून दोन्हीकडचं दुभाषाचं काम करू लागला. शेतकरी माणसाला ओळख काढायला दुसरं काही लागत नाही, भाव विचारला की झालं.

जालन्याला एक मुलगी चढली. मोठी सॅक, पुस्तकांची जड पिशवी, चेहरा उतरलेला. दिल्लीला यूपीएससीच्या अभ्यासाला परत चाललेली. तिनं वरच्या बर्थवर सामान टाकलं, कानात इअरफोन घातले आणि खिडकीकडं तोंड करून बसली. ही पद्धत मला मुळीच आवडत नाही. दीड दिवस ज्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, त्यांच्याकडं पाहून साधं हसायचंही नाही? एसीत तर पडदा ओढला की शेजारी जिवंत आहे की नाही तेही कळत नाही. म्हणूनच आई सोबत असूनही मी स्लीपरचंच तिकीट काढते. धूळ येते, फेरीवाले झोपू देत नाहीत, संडास दुसऱ्या दिवशी बघवत नाहीत, हे सगळं मान्य. पण माणसं मिळतात ती तिथंच.

छत्रपती संभाजीनगर आलं आणि डब्यात एकच धांदल उडाली. जो तो भांडं घेऊन दाराकडं. फलाटावर बादल्या आणि मोठी पातेली घेतलेले सेवादार डब्यापाशी पोचलेच होते. हार्वेस्टरवाला पोरगा दारात उभा राहिला आणि आम्ही आतून भांडी एका हातातून दुसऱ्या हातात पुढं देऊ लागलो. ती मुलगी मात्र जागची हलली नाही. बीजींनी खुणेनं विचारलं, तर म्हणाली, "मी खाऊन आलेय." बीजींनी तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. काही न बोलता आपल्या पिशवीतून कडीचा डबा काढला. त्यात पिन्न्या होत्या, गव्हाच्या पिठाचे तुपातले लाडू. त्या सगळ्या दारजींच्या धुतलेल्या परण्यात, म्हणजे खांद्यावरच्या पंचात, ओतल्या, पिण्याच्या बाटलीतलं पाणी घेऊन डबा खिडकीबाहेर हात काढून विसळला, ओढणीच्या टोकानं आतून कोरडा केला, कडी नीट बसते का ते पाहिलं, आणि त्या मुलीच्या हातात दिला. मग पाठीवर हात ठेवून तिला दाराकडं लोटलं. गाडी सुटायची वेळ झाली होती. मुलगी धावली.

परत आली तेव्हा डबा खिचडीनं काठोकाठ भरलेला, वर बटाट्याची रस्साभाजी. हाताला चटके बसत होते तरी सोडत नव्हती. आईनं तिला चटणी वाढली. बीजींनी आंब्याचं लोणचं. आणि मी पाहिलं तर आमची आई बीजींच्या हातची पिन्नी खात होती! ताकीद कुठल्या कुठं गेली. मी काही बोलले नाही. मलाही एक मिळाली.

पोटात अन्न गेल्यावर ती मुलगी बोलायला लागली. पूर्वपरीक्षेत यश आलं नव्हतं. वडिलांनी पडत्या भावानं सोयाबीन विकून खोलीचं भाडं दिलं होतं, आणि निघताना ते स्टेशनवर आले नव्हते. रागावून की वाईट वाटून, हे तिला कळत नव्हतं. दारजींनी पोराकरवी सगळं समजून घेतलं आणि म्हणाले, बापाला मुलीच्या पुढं डोळे पुसता येत नाहीत, म्हणून आला नसेल. पोरानं हे मराठीत सांगितलं तसं तिनं तिथल्या तिथं घरी फोन लावला. वडिलांनीच उचलला. आम्ही सगळे उगाच खिडकीबाहेर पाहत राहिलो.

जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात दिवस मावळला. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा. बीजींनी ओढणी डोक्यावर घेतली आणि हळू आवाजात रहिरास सुरू केली, शिखांची संध्याकाळची प्रार्थना. आईची हरिपाठाची वेळही तीच. तिनंही पदर घेतला. समोरासमोर दोघी, दोघींचे डोळे मिटलेले, गाडीच्या आवाजात एकीचे शब्द दुसरीला ऐकूही जात नसतील. संपल्यावर बीजींनी विचारलं, तुम्ही कुणाचं म्हणता? आई म्हणाली, ज्ञानोबांचं, नामदेवांचं. "भगत नामदेवजी?" बीजींनी आईचे दोन्ही हातच धरले. नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला नामदेवांचं स्थान आहे. 2015 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं होतं म्हणून मला हे माहीत होतं. पण आईला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आमच्या हिंगोलीकडच्या नरसीचा नामदेव इतक्या दूरच्या म्हातारीच्या रोजच्या पाठांतरात आहे, हे ऐकून ती कितीतरी वेळ नुसती बीजींकडं पाहत राहिली. मग दोघींनी रात्री जागून काय गप्पा मारल्या, मला माहीत नाही. दुभाषा तर आपल्या बर्थवर घोरत होता.

भोपाळ झोपेत गेलं. सकाळी चंबळच्या घळी खिडकीतून दिसल्या, एवढंच.

आग्र्यापासून मात्र डब्यात रिझर्वेशन नसलेली माणसं भरत गेली. सत्तरीच्या माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि तीन-तीन जण त्यांच्या बर्थवर टेकलेले. मी भांडले. टीसीला शोधायला गेले, तोही गर्दीतून पुढं येईना. बीजी उलट सरकून जागा देत होत्या, म्हणत होत्या, थोडाच वेळ बसतील. त्यांचं मन मोठं आहे. पण मला अजूनही वाटतं की म्हाताऱ्या माणसानं महिनाभर आधी काढलेल्या बर्थवर त्याचा हक्क असतो, आणि तो त्यालाच मागावा लागू नये.

दिल्लीला मुलगी उतरली. घासून पुसून ठेवलेला डबा तिनं परत दिला, तर बीजींनी उरलेल्या पिन्न्या त्यात भरून तिच्या सॅकमध्ये घातला. "खोलीवर भांडं असू दे," एवढंच म्हणाल्या. पोरानं तिची पुस्तकांची पिशवी पार जिन्यापर्यंत नेऊन दिली आणि गाडी हलता हलता चढला.

अमृतसरला आमचे चार दिवस छान गेले.

दारजी-बीजी यंदा दसऱ्याला पुन्हा हजूर साहिबला येताहेत. येताना गाडी परभणीला दुपारी लागते. हार्वेस्टरवाला तेव्हा आमच्याच भागात असेल, त्यानं स्टेशनवर येतो म्हणून फोनवर सांगितलंय. जेवण काय न्यायचं यावर घरात आठवडाभर चर्चा चालू आहे. आईचं म्हणणं, पोळ्या नकोत, भाकरीच न्यायची, बीजींना आवडली होती. आणि दारजींसाठी चटणी वेगळी कुटायची, तिखट कमी घालून.