ऑरेंज स्ट्रीटवर गायक गायब

बायकोला सांगितलं होतं जमैकाला समुद्रासाठी जातोय, खरं कारण किंग्स्टनची ऑरेंज स्ट्रीट. समुद्र झाला, ब्लू माउंटनची कॉफी झाली, चार दिवस भुर्रकन गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

ऑरेंज स्ट्रीटवर एकेकाळी रेकॉर्डच्या दुकानांची रांग होती, बीट स्ट्रीटच म्हणायचे तिला. आता शिल्लक दुकानं बोटावर मोजण्याइतकी. हॉटेलवाल्याने एकटे जाऊ नका म्हणून इतकं घाबरवलं की मी टॅक्सी दारातच उभी करून ठेवली आणि वेटिंगचे पैसे दोन रेकॉर्डइतके भरले. कुणी वाकड्या नजरेने बघितलंही नाही, उन्हाने मात्र जीव काढला.

दुकानात आपण काही हाताळायचं नाही. काउंटरमागे 7 इंची रेकॉर्डचे गठ्ठे, दुकानदार एकेक काढणार, वीस सेकंद वाजवणार, तुम्ही मान हलवलीत तर बाजूला नाहीतर परत गठ्ठ्यात. कव्हर नाही, काहींवर तर लेबलही नाही. आणि मी, सहा वर्षं डब, म्हणजे गाण्यातला आवाज काढून बास-ड्रमवर उभं केलेलं जमैकन संगीत, जमवणारा शहाणा, पहिल्याच रेकॉर्डला विचारलं, मिंट कंडिशन, म्हणजे अगदी कोरी आहे का? तो हसलासुद्धा नाही. ही वाजवायला असते म्हणाला. गप्प बसलो.

मग त्याने एक जुनं गाणं लावलं, जेमतेम मिनिटभर, आणि रेकॉर्ड उलटी केली. बी साइडला तेच गाणं, पण गायकाचे दोन शब्द येतात न येतात तोच आवाज इकोमध्ये विरून गेला, उरले फक्त बास आणि ड्रम. दाराशी सावलीला एक आजी पिशवी घेऊन उभी होती, ती त्या रिकाम्या जागेत गायला लागली. हळूच, स्वतःशीच. गायकाचा तुकडा मध्येच डोकावला की थांबायची, तो गेला की पुढची ओळ हिची.

आता गोष्ट मला पाठ होती हो. 1968 च्या सुमारास स्पॅनिश टाउनच्या रडी रेडवुडसाठी, म्हणजे मोठे स्पीकर लावून लोकांना नाचवणाऱ्या साउंड सिस्टिमवाल्यासाठी, ट्रेझर आयल स्टुडिओत डबप्लेट, म्हणजे खास त्याच्यापुरती एकच रेकॉर्ड, कापताना गायकाचा ट्रॅक घालायचाच राहिला, त्याने ती तशीच वाजवली आणि समोरची गर्दीच गायला लागली असं सांगतात. त्यातून बी साइडचं ‘व्हर्जन’ आलं. मग किंग टबी, मूळचा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाला, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा माणूस, वॉटरहाउस भागात ड्रोमिली अव्हेन्यूवरच्या घरात मिक्सरवर बसून गाणी उघडी करत गेला. सगळं वाचलेलं. पण मी डब ऐकला तो कायम हेडफोन लावून, दार बंद करून, त्यामुळे ती जागा कुणासाठी तरी मोकळी सोडलीय हे कधी डोक्यातच आलं नाही.

गाणं संपलं, आजीने पिशवी सावरली आणि निघून गेली, घेतलं काहीच नाही. मी ती रेकॉर्ड घेतली आणि वर आणखी अकरा, त्यातल्या निम्म्या निव्वळ नाही म्हणायची लाज वाटली म्हणून.

घरी आल्यावर आठवलं की जमैकन 45 चं, म्हणजे या 7 इंची रेकॉर्डचं, मधलं भोक मोठं असतं आणि माझा अडॅप्टर कुठे आहे ते देवालाच माहीत. पुठ्ठा कापून जुगाड केला. ए साइडला मध्यापासून कडेपर्यंत ओरखडा निघाला, सुई पहिल्याच ओळीवर उडते. बी साइड मात्र झकास वाजते, आणि शब्द मला येत नाहीत.