जबल शम्स: खरं टोक मिळत नाही, तरी जाऊन या

ओमानला डोंगर चढायला निघालोय म्हटल्यावर आई म्हणाली, "मग जोतिबा काय वाईट हाय?" मावसभाऊ मस्कतला नोकरीला, त्यामुळं राहायची सोय होती. कोल्हापुरातून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आणि मुंबईतून विमान.

जबल शम्स म्हणजे सूर्याचा डोंगर, ओमानमधला सर्वांत उंच. पण खरं शिखर, उत्तरेकडचं, सुमारे ३,००९ मीटरचं, लष्कराच्या ताब्यात आहे. तिकडं जाणारा रस्ताही आपल्यासाठी बंद. आपण जायचं ते दक्षिण शिखरावर, २,९९७ मीटर. बारा मीटर हुकले म्हणून हळहळणाऱ्याला कळसूबाईची उंची विचारा: १,६४६.

मस्कतहून निझवा, अल हमरा, मग वादी घुल या खोल दरीच्या बाजूनं घाट. आम्ही गेलो तेव्हा वरचा काही भाग कच्चा होता, फोर-बाय-फोर घेतली ते बरं झालं. टाकी खालीच फुल्ल करा. पठारावर, जवळजवळ दोन हजार मीटरवर, मुक्काम केला. जानेवारीची रात्र; वाळवंट म्हणून पातळ जाकीट नेलेल्या भावानं रात्रभर माझी शाल ओढली.

डब्ल्यू-४ ही दक्षिण शिखराची वाट पठारावरूनच सुटते. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, दहा-अकरा तास धरा. खुणा म्हणजे दगडांवर रंगवलेले पिवळे-पांढरे-लाल पट्टे. पाच-दहा मिनिटं पट्टा दिसला नाही तर पुढं रेटू नका, शेवटच्या पट्ट्याशी परत या. आम्ही उतरताना रेटलं आणि घळीत अर्धा तास घालवला.

आता पाण्याचं. पन्हाळा-पावनखिंड पावसात तीनदा केली म्हणून आम्ही जरा हवेत होतो. तिथं माणूस चिंब भिजतो. इथं हवा इतकी कोरडी की घाम अंगावर टिकतच नाही, पाणी जातंय हे कळतच नाही. वाटेत झरा नाही, टपरी नाही. माणशी तीन लिटर नेलं होतं, उतरताना घोट मोजत आलो. पाच न्या. त्यात खायला भडंग! एरवी लई भारी, पण तिथं तिखट-मिठानं घसा आणखीच कोरडा. गूळ-शेंगदाणे न्यायचे.

पहाटे पाचला निघा, आणि दुपारी बाराला जिथं असाल तिथून फिरा. आम्ही साडेअकराला वर पोचलो. शेजारच्या शिखरावर रडारचे घुमट दिसत होते. मी मोबाईल काढला, तोच भाऊ म्हणाला, "ठेव खिशात, लष्कराचं आहे ते." फोटो दुसऱ्या बाजूचे काढा. उन्हाळ्यात दुपारी या डोंगरांवर ढग जमून विजा पडतात आणि उघड्या धारेवर आडोसा नसतो, म्हणून जायचं ते नोव्हेंबर ते मार्चमध्ये.

एक दिवस जादा ठेवा. पठारावरच्या अल खतैम गावाहून त्याच दरीच्या कडेनं साब बनी खमीस या ओसाड गावापर्यंत वाट जाते, फारसा चढ नाही. माझे गुडघे धरले होते, तरी जमली.