मामाचा मिनीमूग कुणाकडे द्यायचा? मिलान आणि फ्रिबूरचा प्रवास

दादरची इमारत पुनर्विकासाला गेली आणि मामीला तीन महिन्यांत घर रिकामं करायचं होतं. कपाटं, भांडी, पुस्तकं यांची सोय लागली. उरली मागची खोली. तिथे मामाचा मिनीमूग, म्हणजे मूग कंपनीचा सिंथेसायझर, विजेवर सूर तयार करणारं वाद्य; रोलंडचा आरई-२०१ स्पेस एको हे प्रतिध्वनीचं यंत्र, रिव्हॉक्सचा ए७७ टेपरेकॉर्डर आणि बुटांच्या खोक्यांत टेपचे चाळीसेक स्पूल. मामा आधी ऑर्केस्ट्रात वाजवायचा, मग जिंगलच्या रेकॉर्डिंगला. हिंदी चित्रपटसंगीतात केरसी लॉर्ड यांनी मूग आणला आणि त्या आवाजाने जे काही तरुण वेडे झाले त्यांतला हा एक. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून खोलीतलं एकही बटण कुणी दाबलं नव्हतं.

एका व्यापाऱ्याने फोनवरचे फोटो पाहूनच रोख पैसे देऊ केले. टेपांचं काय, विचारलं तर म्हणाला, "त्या टाकून द्या." मामी मला नंतर म्हणाली, "विकायचं नाही असं नाही रे. पण त्यावर कुणीतरी वाजवायला पाहिजे."

त्याच महिन्यात ऑफिसच्या कामाने मिलानला जायचं होतं. पुढे चार दिवस रजा जोडली. अशी यंत्रं जिथे नीट नांदताहेत ती घरं एकदा डोळ्यांनी बघावीत, एवढंच मनात होतं. तुमच्याकडेही असं काही पडून असेल, तर हा रस्ता उपयोगी पडेल.

मिलानला जायचं ते स्फोर्झा किल्ल्यात, म्हणजे कास्तेल्लो स्फोर्झेस्कोत. मेट्रोच्या लाल मार्गावर काइरोली स्टेशनला उतरलात की किल्ला समोरच दिसतो. अंगणात फिरायला तिकीट नाही, आतल्या संग्रहालयांना आहे, ते पाच युरोंच्या आसपास. सोमवारी बंद. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, पण त्या दिवशी गर्दी फार. बहुतेक लोक मायकेलअँजेलोच्या शेवटच्या पिएताकडे, म्हणजे मरीया आणि मृत येशूच्या शिल्पाकडे वळतात. तुम्ही वाद्यसंग्रहालय विचारा. व्हायोलिनं, ल्यूट, हार्पसिकॉर्ड यांच्या दालनांतून पुढे गेलं की ३६ क्रमांकाची खोली येते. लाकूड आणि वार्निश संपतं आणि राखाडी लोखंडी रॅक सुरू होतात. हा इटालियन रेडिओचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ, 'स्टुडिओ दि फोनोलोजिया'. १९५५ साली लुचानो बेरिओ आणि ब्रूनो मादेर्ना या संगीतकारांनी तो मिलानच्या रेडिओ केंद्रात उभा केला. यंत्रं आल्फ्रेदो लिएत्ती या अभियंत्याने बनवली आणि चालवली मारीनो झुक्केरी या तंत्रज्ञाने. नऊ ऑसिलेटर, म्हणजे विजेवर सूर काढणारी नऊ यंत्रं, ही या स्टुडिओची ओळख. आज फोनमध्ये शेकडो असतात. तेव्हा एकेक सूर काढायचा, टेपवर घ्यायचा, टेप ब्लेडने कापायची आणि चिकटवायची. काही सेकंदांच्या संगीताला काही दिवस लागत.

अमेरिकन संगीतकार जॉन केज इथे १९५८-५९च्या हिवाळ्यात काम करत होता. त्याच मुक्कामात तो इटालियन टीव्हीच्या एका प्रश्नमंजूषेत अळंबीचा जाणकार म्हणून उतरला आणि पन्नास लाख लिरे जिंकून गेला. मला मात्र त्या खोलीत झुक्केरीच आठवत राहिला. संगीतकार यायचे आणि जायचे, हा माणूस कायम तिथे. १९८३ साली तो निवृत्त झाला आणि स्टुडिओही बंद पडला. यंत्र तेच, खोली तीच, फक्त ते चालवणारा गेला. मामाच्या खोलीत याहून वेगळं काय झालं होतं?

या खोलीत यायला यंत्रांना २००८ साल उजाडलं. आता ती इथे मूक उभी आहेत. मला वाटलं होतं, काचेमागची यंत्रं बघून वाईट वाटेल. तसं झालं नाही. हा संच जगात एकच आहे. त्याचे भाग बाजारात मिळत नाहीत आणि तो विखुरला असता तर प्रत्येक डबा नुसतं भंगार झाला असता. एकत्र राहिला म्हणून त्याच्याकडे बघून तो कसा चालायचा हे अजून समजतं. त्याच्यासाठी हेच घर योग्य. पण मिनीमूग हजारोंच्या संख्येने बनला, आजही दुरुस्त होतो. त्याला काचेत बसवणं मला पटेना.

दुसऱ्या दिवशी मिलान सेंत्रालेहून बर्नची गाडी धरली. या आंतरराष्ट्रीय गाडीला आसन आरक्षण लागतं आणि आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. उजवीकडची खिडकी घ्या, माज्जोरे सरोवर त्या बाजूला आहे. दोमोदोस्सोलानंतर सिम्प्लॉनचा सुमारे २० किलोमीटरचा बोगदा, मग ब्रिग, मग लोच्बर्गचा त्याहून लांब बोगदा. बर्नला गाडी बदलली की अर्ध्या तासाच्या आत स्वित्झर्लंडमधलं फ्रिबूर. एक खबरदारी घ्या: जर्मनमध्ये या गावालाही फ्रायबुर्ग म्हणतात आणि त्याच नावाचं मोठं शहर जर्मनीत आहे. तिकीट काढताना देश तपासा. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पैसे मात्र फ्रँकमध्ये. आपला दोन गोल पिनांचा बारका चार्जर दोन्ही देशांत बसतो, तीन पिनांचा नाही.

फ्रिबूरला कार्दिनाल बिअरचा जुना कारखाना आता 'ब्लूफॅक्टरी' झाला आहे. स्टेशनापासून चालत दहा मिनिटं. तिथे स्विस इलेक्ट्रॉनिक संगीतवाद्यांचं संग्रहालय आणि केंद्र आहे, लोक त्याला 'स्मेम' म्हणतात. क्लेमेन्स निक्लाउस ट्रेंकले या बाझलच्या संग्राहकाने अनेक वर्षांत जमवलेली सुमारे पाच हजार वाद्यं आणि उपकरणं इथे आली. संग्रहालय म्हणून झुंबरं आणि दिवे शोधू नका. हे मूळचं कोठार आहे. लोखंडी फडताळांवर छतापर्यंत सिंथेसायझर, ऑर्गन, ड्रम मशीन, मिक्सर. मधल्या बोळातून चालताना मला लक्ष्मी रोडवरच्या जुन्या कापडाच्या दुकानांची आठवण आली, ठाण एकावर एक रचून ठेवलेली असत ना, तशी.

असंच उठून जाऊ नका, आधी वेळ ठरवावी लागते. 'प्लेरूम' नावाच्या खोलीत निवडक वाद्यं जोडून ठेवलेली असतात आणि वेळ भाड्याने घेऊन ती स्वतः वाजवता येतात. स्वतःचे हेडफोन न्या आणि ६.३५ मिलिमीटरचा जाड जॅक बरोबर ठेवा. एका दिवसात दहा वाद्यांना हात लावण्यापेक्षा दोनच घ्या. मी एका मूगवर तासभर बसलो. चालू केल्यावर आधी थांबायचं असतं. गरम होईपर्यंत ऑसिलेटर सूर सोडत राहतात. मामा रेकॉर्डिंगच्या दिवशी चहाच्या आधी मूग चालू करायचा, ते का, हे इतक्या वर्षांनी तिथे कळलं. तीन ऑसिलेटर हळूहळू एका सुरात आले तेव्हा मला काही क्षण पुढे वाजवता आलं नाही.

संध्याकाळी खालच्या गावात जायला फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर दोराने ओढली जाणारी गाडी, घेतली. १८९९पासून ती शहराच्या सांडपाण्याच्या वजनावर चालते. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो खाली येतो आणि दुसरा वर ओढला जातो. थोडा वास येतो. पण सव्वाशे वर्षांचं यंत्र रोज माणसं नेतंय, कारण त्याला रोज कुणीतरी तेलपाणी करतं. नक्की बसा.

द्यायचं असेल तर काय विचारायचं, ते या दोन जागा बघून मला उमगलं. पहिला प्रश्न दुरुस्तीचा: सोल्डरिंगचा हात असलेला माणूस तिथे आहे का, आणि तो उद्या गेला तर पुढे कोण? दुसरा, वस्तू मांडणार की गोदामात ठेवणार? गोदाम वाईट नाही, स्मेमचं बरंचसं गोदामच आहे, पण तिथून ती कोण बाहेर काढू शकतं हे कळायला हवं. तिसरा, पुढे त्यांना ती विकता येईल का? दानपत्रात हे लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. जमलं तर आधी काही वर्षांसाठी उसनी द्या. आणि संच फोडू नका. वायरी, पेडल, बिलं, सेटिंग लिहिलेल्या वह्या, सगळं एकत्र. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली संगीतकार गीता साराभाईंच्या पुढाकाराने अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग बसवून दिला. तिथे आपल्या लोकांनी काय केलं हे आज ऐकता येतं ते टेप जपून राहिल्या म्हणून. व्यापारी टाकून द्या म्हणाला ते नेमकं हेच.

घरी असेपर्यंत एकच पथ्य: वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगमध्ये लावू नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, सुकलेले असू शकतात, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर फुटू शकतात. मागे २३० व्होल्टची खूण आहे की ११५ची, हेही बघा. मुंबईच्या दमट हवेत टेपचा लेप चिकट होतो. अशी टेप मशीनवर चढवली तर आवाज खरवडून निघतो, त्यामुळे ऐकायची घाई नको.

परत आल्यावर मामीशी बोललो. युरोपला पाठवायचं नाही असं ठरलं. पुण्यात ध्वनिमुद्रण शिकवणारे एक ओळखीचे सर आहेत, त्यांच्याकडे मुलं रोज येतात आणि दुरुस्ती करणारा गृहस्थ दोन गल्ल्या पलीकडे राहतो. पाच वर्षांच्या कराराने मूग आणि स्पेस एको तिकडे, टेप आणि वह्या सध्या माझ्याकडे कोरड्या कपाटात. गेल्या रविवारी त्या गृहस्थांनी मूगचं मागचं झाकण उघडलं. आत मामाच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती: "दुसरा ऑसिलेटर किंचित वर. गरम झाल्यावर बघ." कपॅसिटर बदलून झाले की पुढच्या शनिवारी डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर, हळूहळू व्होल्टेज चढवायचं आहे. मामी पुण्याला येते आहे.