दसऱ्याआधी लेकराचे कागद

दिव्यांग लेकराची शाळा मराठवाड्यात फीपायी क्वचित अडते. जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नाहीच, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या लेकराला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. शाळा अडते ती रिक्षाच्या भाड्यापायी आणि लेकराला उचलून नेणाऱ्या आईच्या बुडालेल्या रोजापायी. यासाठी सरकारात पैसा आहे, पण तो कागदांमागे आहे. दसरा झाला की बीड, जालना, परभणीकडची कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला गाव सोडतात, ती पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततात. म्हणून गावातल्या शिकलेल्या माणसानं, गुरुजींनी, आशाताईंनी जून ते दसरा हे चार महिने धरावेत.

क्रम चुकवू नका. आधी जन्माचा दाखला, त्याबरहुकूम आधार, मग यूडीआयडी म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, मग बँक खातं, शेवटी शाळेची नोंद. आधारवर ‘पांडुरंग’ आणि हजेरीत ‘पांडू’ असेल तर पुढं प्रत्येक टेबलावर अर्ज अडतो.

यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरतात, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. निघण्याआधी फोन करून कुठला डॉक्टर कुठल्या वारी बसतो ते विचारा, नाहीतर हेलपाटा ठरलेला. लहान कर्णबधिर लेकराची बेरा, म्हणजे यंत्रानं ऐकणं मोजायची तपासणी, ते झोपेत असतानाच नीट होते. त्याला पहाटे उठवा आणि गाडीत डुलकी लागू देऊ नका. बौद्धिक अपंगत्वात बुद्ध्यांक चाचणी लागते, बहुधा दोन चकरा होतात. कार्ड हाती आलं की त्यावरचा रंगाचा पट्टा पाहा: पांढरा म्हणजे 40 टक्क्यांच्या खाली, पिवळा 40 पासून 80 च्या आत, निळा 80 आणि त्यावर. बहुतेक लाभ पिवळ्यापासून सुरू होतात. लहान वयात मिळालेलं प्रमाणपत्र अनेकदा मुदतीचं असतं, ती तारीख वहीत लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त पैसा बँकेत अडतो. खात्याच्या नोंदीत आधार असणं वेगळं आणि सरकारी पैसा त्याच खात्यात पडेल अशी जोडणी असणं वेगळं. बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करा’ असंच म्हणा. नंतर दुसऱ्या बँकेत खातं काढून तिथं जोडणी केली, तर पैसा तिकडं जातो आणि घरचे जुनं पासबुक भरून ‘आलंच नाही’ म्हणत राहतात.

शाळेत मुख्याध्यापकांकडून यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, लेकराच्या नावापुढं अपंगत्वाचा प्रकार भरलाय का ते स्वतः पाहून घ्या. ही एक नोंद राहिली तर ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचा प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींचा महिना 200 रुपयांचा भत्ता, काहीच मागता येत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. लेकरू अंथरुणाला खिळलेलं असेल तर घरी येऊन शिकवण्याची मागणी त्यांच्याकडेच करायची. तो हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीपासून आहे.

नववी-दहावीला केंद्राची शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. घरून जाणाऱ्याला महिना 500, वसतिगृहातल्याला 800, पुस्तकांना वर्षाला 1,000, वर अपंगत्वाचा भत्ता वेगळा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला बाप गावात असतानाच काढा. ऑनलाइन फॉर्म भरला की झालं, हा समज घातक आहे. शाळेनं आणि नंतर जिल्ह्यानं पडताळणी केली नाही तर तो तिथंच मरतो.

ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातले, 5 टक्के दिव्यांगांसाठीच खर्चायचे असतात. ग्रामसभेत तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एसटीत 40 टक्क्यांवर तिकिटाला 75 टक्के सवलत आहे.

वर्गणी करून व्हीलचेअर आणायचा उत्साह मात्र आवरा. दुकानात मिळते ती मोठ्या माणसाची. सेरेब्रल पाल्सीचं सहा वर्षांचं लेकरू तिच्यात एका बाजूला कलंडतं, पाय लोंबकळतात, मान सावरत नाही, आणि पाठीला बाक येऊ शकतो. त्याला डोक्याला आधार, छातीला पट्टा आणि पाय टेकतील अशी पायटेक असलेली खुर्ची लागते, तीही मापानं. ही मापं साधनवाटपाच्या सरकारी शिबिरात घेतात आणि साधन मोफत मिळतं, शिबिराची तारीख विशेष शिक्षकांना विचारा. वर्गणीचा पैसा जिल्ह्याच्या चकरांना आणि आईच्या दोन दिवसांच्या रोजाला द्या. खरी नड तिथं आहे.

गाडी भरण्याआधी एक काम उरतं. लेकरू आजीजवळ राहणार असेल तर सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचे दोन संच करा, एक आजीच्या पेटीत, एक वर्गशिक्षकांकडे. बँकेचा ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो बापासोबत फडात जातो, म्हणून शाळेला दिलेला नंबर आणि खात्याचा नंबर एकच आहे ना, ते निघण्याच्या आदल्या दिवशी पाहून घ्या.