आमची वाटचाल : खोलल्याशिवाय खुर्ची विकत नाही

जळगावात जुन्या ऑफिस खुर्च्या विकणारे पुष्कळ आहेत. पुसली, काळा स्प्रे मारला, वरून नवं रेक्झिन चढवलं की त्यांची खुर्ची तयार. आम्ही हा धंदा असा कधी केला नाही. आमच्याकडून गेलेली प्रत्येक खुर्ची आधी पूर्ण खोललेली असते. सीट वेगळी, पाठ वेगळी, हत्ते वेगळे, हायड्रोलिक, म्हणजे खुर्ची वर-खाली करणारा सिलिंडर, बाहेर, चाकं बाहेर. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर कधीही यावं, आम्ही शटर अर्धं लावून काम करत नाही.

मी मूळचा पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्सला. हातात पाना होता, पण सुई-दोऱ्याचं काम येत नव्हतं. ते आणलं भुसावळच्या चाचांनी. चाचा मोटरसायकलच्या आणि रिक्षाच्या सीटा शिवायचे. आम्ही दोघांनी मिळून सुरुवात केली आणि आज जे काही नाव आहे त्यातलं निम्मं त्यांचं आहे, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. फोमचा ठोकळा अंगठ्याने दाबून ते डेन्सिटी, म्हणजे फोम किती भरीव आहे ते, सांगत. दुकानदार ‘चाळीस आहे, चाळीस आहे’ म्हणायचा आणि चाचा तो ठोकळा परत त्याच्या टेबलावर ठेवायचे. खाली 40 च्या पुढचा कडक थर, वर बोटभर मऊ थर, ही त्यांची पद्धत. सगळी सीट मऊ फोमची केली तर दुकानात गिऱ्हाईक खूश होतं आणि सहा महिन्यांत त्याला खालची प्लाय टोचायला लागते. कापड ओढताना आधी समोरची बाजू, मग मागची, मग दोन्ही कुशी, आणि कोपरे सगळ्यात शेवटी. कोपऱ्याची चुणी दिसली की चाचा पिना उपसून पुन्हा बसत. कितीही घाई असो.

माझ्या बाजूला होतं मेकॅनिझम आणि हायड्रोलिक. नवीन मुलं विचारतात, सिलिंडरला बोल्ट कुठे आहे? बोल्ट नसतोच. वर आणि खाली निमुळती बैठक असते, माणसाच्या वजनानेच ती घट्ट होत जाते. पाच-सात वर्षं बसलेली खुर्ची असेल तर सिलिंडर लोखंडाला चिकटल्यासारखा होतो. सांध्यावर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवायचं, सकाळी मोठ्या पाइप पान्याने पकडून पिळायचं. उष्णता द्यायची नाही, ड्रिल लावायचं नाही, ग्राइंडरने कापायचं तर नाहीच. आत दाबाखाली नायट्रोजन असतो. घरी व्हिडिओ बघून प्रयोग करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, पन्नास मिलिमीटरच्या त्या नळीशी खेळू नका.

माल बहुतेक पुण्याहून येतो. हिंजवडी-खराडीकडची ऑफिसं जागा बदलतात तेव्हा खुर्च्या लॉटने निघतात. मार्च 2020 च्या लॉकडाऊननंतर चोपडा, पारोळा, एरंडोल, सगळीकडे मुलं लॅपटॉप घेऊन घरी आली, डायनिंगच्या खुर्चीवर उशी ठेवून बसली आणि दोन महिन्यांत कंबर धरून उभी राहिली. त्या काळात आम्हाला श्वास घ्यायला वेळ नव्हता. पण आमचं खरं नाव झालं ते अमळनेरच्या वकील आबांमुळे.

आबांनी खुर्ची आमच्याकडून घेतली नव्हती. मुंबईहून कुणाकडून तरी मागवली होती आणि ‘भाऊ, हिच्यावर बसवत नाही’ म्हणत टेम्पोत टाकून आणली. बघतो तर हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीची एरॉन. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या डिझायनरांची ही खुर्ची 1994 साली बाजारात आली, तेव्हा त्यांनी फोमची गादीच काढून टाकली आणि तिथे ताणलेली जाळी बसवली. खान्देशातल्या मे महिन्यात त्या जाळीचं मोल कळतं. नवी घ्यायची तर लाखाच्या वर जाते. मी पाठीच्या वरच्या कडेमागून बोट फिरवलं. तीन टिपके लागले. म्हणजे सी साइज, सगळ्यात मोठी. आबा अंगाने बारीक. सीटची कड गुडघ्यामागे रुतायची, म्हणून ते पुढे सरकून बसत आणि पाठीचा आधार रिकामाच राहायचा. मणक्याची गादी सरकलेला माणूस अशा खुर्चीत आणखी बिघडतो. आमच्याकडे लॉटमध्ये आलेली दोन टिपक्यांची, बी साइज होती. ती खोलून, हत्त्यांचे पॅड बदलून, टिल्टचा, म्हणजे मागे रेलण्याचा, ताण त्यांच्या वजनाला लावून दिली आणि त्यांची आम्ही ठेवून घेतली. तोवर आबा आडवे पडून दावे सांगायचे आणि कारकून लिहायचा. महिनाभराने फोन आला, “भो, आते दावा मी बसीसनच लिखसू.” पुढे अमळनेर कोर्टातल्या निम्म्या वकिलांना त्यांनी आमचा रस्ता दाखवला.

आता ज्या गोष्टीबद्दल लोक आजही कुजबुजतात ती नीट सांगतो.

एका अभ्यासिकेची मोठी ऑर्डर होती. स्पर्धा परीक्षेची मुलं, दिवसाला दहा-बारा तास बसणारी. खुर्च्या आमच्या, काम आमचं, फक्त हायड्रोलिक नवे मागवले, परराज्यातल्या एका पुरवठादाराकडून. नळीवर चौथ्या वर्गाचा, म्हणजे जाड नळीचा, शिक्का, सोबत बिल, सगळं व्यवस्थित. ऐन उन्हाळ्यात खुर्च्या बसायला लागल्या. मुलगा सकाळी खुर्ची वर करून बसे आणि दुपारपर्यंत टेबल त्याच्या छातीला येई. दांड्याभोवती तेलाचं वर्तुळ दिसत होतं, सील गेलेलं. मी आधीच्या खात्रीच्या मालातला एक सिलिंडर आणि हा एक, दोन्ही एकाच लांबीचे, भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवले. नवा चांगलाच हलका भरला. जाड नळीचा शिक्का पातळ नळीवर मारलेला होता. पुरवठादाराला फोटो पाठवले, वजनाचा व्हिडिओ पाठवला. आधी ‘बघतो’ म्हणाला, मग फोन उचलणंच बंद केलं.

हे इथेच थांबलं असतं तर आम्ही आठवड्यात सावरलो असतो. पण आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानदाराने खाली बसलेल्या खुर्चीचा फोटो मिळवला आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘पुण्याचं भंगार, जळगावचं भाडं’. हा माणूस स्वतः लोकल फ्रेमला मोठ्या कंपनीचं स्टिकर लावून विकतो, हे त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. आलेल्या ऑर्डरी गेल्या, दिलेले चेक थांबवले गेले, बँकेने सीसी खात्याची, म्हणजे धंद्यासाठी उचल घ्यायच्या खात्याची, मर्यादा वाढवायला नकार दिला. शेडचं भाडं थकलं. सोन्यासाठी लोक लांबून जळगावला येतात, आणि त्याच बाजारात माझ्या बायकोच्या पाटल्या तारण गेल्या. त्या पैशातून खात्रीचे सिलिंडर आणले आणि अभ्यासिकेची प्रत्येक खुर्ची आम्ही तिथे जाऊन, मुलांचा अभ्यास न मोडता, रात्री बदलून दिली. एक रुपया मागितला नाही. चाचांनी त्या काळात मजुरी घेतली नाही. मी पाकीट पुढे केलं तर म्हणाले, “पहिले भाभी के कंगन छुड़ा.” आबांनी कोर्टाच्या आवारात उभं राहून सांगितलं, ज्याला शंका असेल त्याने माझ्या खुर्चीत बसून बघावं. माणसं अशा वेळी कळतात.

ती अभ्यासिका आजही आमची आहे. पाटल्याही सुटल्या. त्यानंतरची वर्षं कामाची गेली.

जुनी खुर्ची कुठूनही घ्या, पण एवढं बघा. ती पूर्ण वर करून तिच्यावर बसा आणि तसंच बसून दुकानदाराशी बोलत राहा. तिथल्या तिथे इंचभर जरी खाली गेली तरी उठा. उलटी करून सीटखालचं लेबल वाचा, चांगल्या कंपन्या तिथे मॉडेल आणि बनवल्याची तारीख छापतात. लेबल खरवडलेलं असेल तर भाव करायला थांबू नका. बेसचे पाचही पाय मध्यभागी जिथे मिळतात तिथे नखाने चिरा तपासा. जाळीची खुर्ची असेल तर हाताने दाबा, जाळी लगेच वर यायला हवी. एरॉनची जाळी सैल झाली तर नुसती जाळी बदलता येत नाही, अख्खी फ्रेम बदलावी लागते आणि भाव तिथेच फिरतो. मागे टेकून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. आणि चाकं. पुण्याच्या ऑफिसात गालिचा असतो, म्हणून कडक नायलॉनची चाकं येतात. आपल्या घरात फरशी. तीच चाकं ठेवली तर खुर्ची घसरते आणि फरशीवर चरे पडतात. मऊ चाकं लावून घ्या, 11 मिलिमीटरची दांडी बहुतेक खुर्च्यांना चालते. चकचकीत नकली लेदर आपल्या हवेत सोलून पोपडे पडतात, कापड किंवा जाळीच घ्या. पक्कं बिल मागायला लाजू नका.

चाचांचे डोळे आता साथ देत नाहीत, सुई त्यांच्या पुतण्याच्या हातात आहे. तरी ते शेडवर येतात आणि कोपऱ्याची चुणी बोटाने शोधून काढतात. माझा मुलगा हिशोब बघतो. त्या पुरवठादाराची रक्कम आमच्या वहीत अजून ‘येणे’ म्हणून आहे. मुलगा म्हणतो, पप्पा, बुडीत टाका, हिशोब साफ दिसेल. मी टाकू दिलेली नाही. पैसे आमचे आहेत, आणि त्याने शिक्का खोटा मारला होता.