काका, मे महिन्यात कुठे असता?

जूनमध्ये शाळा उघडली की बसच्या दारात मुलांना सोडायला येणाऱ्या आया हमखास विचारतात, "काका, सुट्टीत गावी जाऊन आलात का?" देवगडला जातो, पण राहायला नाही, आंबा भरायला.

चेंबूर-गोवंडीची मुलं मी दहा महिने ने-आण करतो. पगारही दहाच महिन्यांचा. शाळा बंद होते तेव्हा हापूस भरात असतो, म्हणून ते दिवस मी आंब्याच्या टेम्पोवर काढतो.

हे ऐकलं की पुढचा प्रश्न येतो: पण रात्रीच का चालवता, काका? झोप येत नाही का?

येते. पण आंबा झाडावरून उतरला तरी त्याचा श्वास चालू असतो, आणि त्यातून ऊब सुटते. पेट्या दाटीवाटीने रचल्या, वर ताडपत्री आवळली आणि भर दुपारी माणगावच्या कोंडीत अडकलो, तर आत भट्टी होते. बाजारात पेटी उघडली तरी कळत नाही. अढीत घातल्यावर कळतं, अर्धं फळ पिकतं आणि अर्धं कच्चंच राहतं. वर्षभर झाड सांभाळलेल्या बागायतदाराचा माल माझ्या हातून असा जाऊ नये, एवढंच मी बघतो. म्हणून भरताना मी स्वतः उभा राहतो. दोन ओळींत वारा खेळायला जागा सोडल्याशिवाय दोर बांधू देत नाही.

सकाळी काढलेला आंबा दुपारी पेंढा घालून पेटीत जातो, संध्याकाळी गाडीत. नांदगावला हायवे लागतो. मग राजापूर, हातखंबा, चिपळूण, पोलादपूर, पनवेल. चारशेवर किलोमीटर. पनवेल-इंदापूरचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हापासून किती वळणं बदलली, पण पहाटे वाशीच्या फळबाजारात पोचायची घाई तीच आहे.

एकदा संगमेश्वरच्या पुढे वळीव आला. ताडपत्री आवळावी तर आत ऊब धरते, सोडावी तर पेट्या भिजतात. पेट्रोल पंपाच्या छपराखाली पाऊण तास थांबलो, मागची बाजू उघडी ठेवून. उशीर झाला म्हणून गाडीमालकाने भाड्यातले पैसे कापले. त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण माल कोरडा आणि थंड उतरला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा थांबेन.

माथाडी कामगार पेट्या उतरवून घेतात. तोवर उजाडलेलं असतं. खाडीपूल ओलांडला की घर, पण रिकामी गाडी दुपारी परत न्यायची असते, म्हणून मी केबिनमध्येच आडवा होतो. गोवंडीहून वाशी दोनच स्टेशनं. अकराच्या सुमारास मुलगी डबा घेऊन येते आणि मी जेवेपर्यंत शेजारी बसून राहते.