टेन्शन नऊही वर्षं बरोबर होतं

तीन आठवडे झाले, तो रॉडचा तुकडा अजून माझ्या कामाच्या टेबलावर पडलाय. टाकवत नाही. एका टोकाला 16 मिलिमीटर जाड आहे, झिंकचा करडा रंगही टिकून आहे, आणि तिथून बोट फिरवत वीतभर खाली गेलं की निमुळता होत होत एका जागी माझ्या करंगळीपेक्षा बारीक झालाय. व्हर्नियर लावला तर 6.5 मिलिमीटर. या रॉडच्या भरवशावर मी नऊ वर्षं एका टॉवरवर चढत होतो.

माझं काम म्हणजे हॅम लोकांचे, म्हणजे हौसेने रेडिओवर जगभर बोलणाऱ्यांचे, टॉवर उभे करणं, अँटेना चढवणं, रोटेटर बसवणं आणि वर्षातून एकदा जाऊन सगळं तपासणं. रोटेटर म्हणजे टॉवरच्या डोक्यात बसवलेली मोटर, ज्या दिशेच्या स्टेशनशी बोलायचंय तिकडे अँटेना वळवणारी. लोकांना वाटतं या कामात उंचीची भीतीच सगळ्यात मोठी. उंचीची सवय महिन्याभरात होते. सवय होत नाही ती दुसऱ्याच्या कामावर जीव टाकायची, आणि टॉवरचं अर्धं काम जमिनीखाली गाडलेलं असतं.

ऑक्टोबर होता. त्या टॉवरचे मालक, आमचे काका, त्यांचा फोन आला, "अरे, रोटर अडकलाय, बटण दाबलं की नुसता घूं करतो, काटा हलत नाही." सीक्यू वर्ल्डवाइड ही हॅम लोकांची जगभरची काँटेस्ट, तिची बोलून खेळायची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते, तिला दहा दिवस राहिले होते, त्यामुळे काकांचा जीव वरखाली होत होता आणि मला तो कळतही होता, कारण वर्षभर माणूस त्या 48 तासांची वाट बघतो आणि अँटेना एकाच दिशेला अडकली तर अर्धं जग गेलं म्हणून समजायचं.

टॉवर 21 मीटरचा, 3 मीटरचे 7 सेक्शन, मीच उभा केलेला. विजेच्या खांबाला असतो तसा ताण दोन उंचींवर, 10 मीटरवर आणि 19 मीटरवर, तीन दिशांना, मध्ये 120 अंश. म्हणजे सहा तारा आणि तीन अँकर, तारांची खालची टोकं जमिनीत धरून ठेवणारे रॉड. अँकर टॉवरच्या बुंध्यापासून 17 मीटरवर, उंचीच्या साधारण ऐंशी टक्के. वर 14 मेगाहर्ट्झची 3 एलिमेंटची यागी, एका दिशेला रोखायची अँटेना, जिचा एकेक एलिमेंट म्हणजे आडवी नळी 10 मीटरच्या आसपास लांब असतो. एवढं शीड वाऱ्यात धरायचं काम त्या सहा तारांचं.

दोन महिन्यांपूर्वी कामावर आलेल्या पोराला घेऊन गेलो. आमच्या धंद्यात बरेच जण तक्रार ऐकली की थेट हार्नेस चढवतात, हे मला अजिबात पटत नाही. रोटेटरचा निम्मा आजार खालीच, कंट्रोल बॉक्समध्ये नाहीतर केबलच्या जोडात सापडतो. या मॉडेलला 8 तारांची केबल, त्यातल्या दोन जाड, कारण ब्रेक ओढणाऱ्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवरच्या चुंबकाला, करंट जास्त लागतो. बॉक्समागची पट्टी सोडवली आणि मीटर लावला. दिशा दाखवणारा पोटेन्शिओमीटर टोकापासून टोकापर्यंत 500 ओहमच्या जवळ, छान. मोटरच्या दोन्ही वाइंडिंग सारख्या. सोलेनॉइडची वाइंडिंग शाबूत. बॉक्समधला मोटरचा कपॅसिटर बदलून बघितला, कारण तो म्हातारा झाला की मोटर अशीच घूं करत बसते, पण फरक नाही. म्हणजे वीज सगळीकडे पोचतेय आणि वर काहीतरी यांत्रिक अडकलंय. त्या रोटेटरमध्ये ब्रेक म्हणजे एक पाचर असते, दातेरी कड्यात बसलेली, बटण दाबलं की सोलेनॉइड ती ओढून घेतो आणि मग मोटर फिरते. पाचर गंजून चिकटली असणार. चढावंच लागणार होतं.

चढण्याआधीची माझी पद्धत ठरलेली. सहाही तारांचं टेन्शन गेजने मोजायचं. तारा 5 मिलिमीटरच्या जवळपास, तुटायला साधारण 1800 किलो लागतात, आणि ताणून ठेवायच्या त्याच्या दहा टक्क्यांवर, म्हणजे 180 किलोला. ढिल्या ठेवल्या तर टॉवर वाऱ्यात मागेपुढे झटके खातो, जास्त ओढल्या तर बुंध्यावर उगाच बोजा येतो. आकडे आले 175, 180, 180, 185, 180, 175. टर्नबकल, म्हणजे तार आवळायचे स्क्रू, आपोआप फिरून ढिले होऊ नयेत म्हणून त्यांच्यातून ओवलेली तार जागेवर, शॅकलच्या, म्हणजे जोडकड्यांच्या, पिना जागेवर, तारांची टोकं कुठे उसवलेली नाहीत. मागच्या आठ वर्षांचे आकडे डायरीत आहेत, तेही असेच. मला या डायरीचा अभिमान होता. नवीन माणूस कामाला घेतला की पहिल्या दिवशी ती त्याच्या हातात देतो, काम असं करायचं म्हणून.

मी हार्नेसचे पट्टे आवळत होतो आणि पोरगा कुंपणाकडच्या अँकरपाशी उकिडवा बसला होता. तिथे काकांनी फुलझाडांचा वाफा केलाय, रॉड त्या झाडांमधूनच तिरका जमिनीत जातो.

"दादा, हा रॉड खाली कुठवर जातो?"

"मीटरभर. खाली काँक्रीटचा ठोकळा आहे."

"मग खाली तो कसा आहे ते आपण कधी बघतो?"

मला आधी रागच आला, खरं सांगतो. चढायच्या आधी डोकं शांत लागतं आणि हा प्रश्न विचारतोय. तो गॅल्वनाइज्ड आहे, त्याला काही होत नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणवेना. अँकर मातीत गंजतात हे मी वाचलेलं होतं. एकदा नाही, चारपाच वेळा वाचलेलं. एकदाही खणलं नव्हतं.

हार्नेस तसाच अंगावर ठेवून खुरपं मागितलं. अँकरपाशी खणायचं तर पसरून खणायचं नाही, कारण ठोकळा धरून ठेवते ती त्याच्या आणि टॉवरच्या मधली माती, तीच उकरली तर आपणच अँकर सैल केला. रॉडला लागून बाजूने, हाताच्या पंजाएवढा रुंद खड्डा घेतला, हळूहळू. माती ओली होती, रोज पाणी घातलेली. वरचे 20 सेंटिमीटर रॉड नव्यासारखा. मग मातीचा रंग तांबूस व्हायला लागला. 30 सेंटिमीटरवर खुरप्याचं टोक घासलं तर रॉडचे पोपडे सुटून आले, झाडाच्या सालीसारखे, आणि पोपडे गेल्यावर आत जे उरलं ते बघून मी हात काढून घेतला. पोराला म्हटलं उठ आणि माझ्या मागे ये, पळू नको, कशाला हात लावू नको. वर दोन तारा, प्रत्येकी 180 किलोने ओढत होत्या त्या काडीला.

काका आले. टॉवर पडला तर जिथवर पोचेल तेवढी जागा आधी मोकळी करायला सांगितली, घरच्यांना त्या बाजूच्या खोल्यांमधून बाहेर काढलं. काका म्हणाले, "अरे, इतकी वादळं काढली त्याने, आजच काय होणार आहे? दहा दिवस जाऊ दे, मग बघू." हे वाक्य मी प्रत्येक टॉवरमालकाकडून ऐकलंय आणि याच्याएवढं धोकादायक वाक्य या छंदात दुसरं नाही. रेडिओवर, अँप्लिफायरवर लोक वाट्टेल तेवढा खर्च करतात, आणि तो सगळा ज्याच्यावर उभा आहे तो टॉवर म्हणजे एकदा रोवला की संपलं. मी काकांना हात धरून खड्ड्यापाशी नेलं आणि दाखवलं. मग काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मागच्या महिन्यात नातू चढला होता रे, पहिल्या जोडापर्यंत."

पुढचं काम सावकाश केलं. त्या अँकरच्या मागे, त्याच रेषेत, तीन पहारी एकीमागे एक तिरक्या ठोकल्या, पुढचीचं डोकं मागचीच्या पायाशी बांधत, म्हणजे तिघी मिळून ओढ घेतात. तिथून हाताच्या विंचने दोन्ही तारांना दुसरी ओढ दिली आणि गेज बघत बघत जुन्या रॉडवरचा भार काढून घेतला. काका म्हणत होते गाडीला बांधू. गाडीला मी ताण कधीच बांधत नाही, ती कोणीतरी चालू करून नेईल ही भीती जात नाही. पहारींवर भार आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. वर कोणीही चढायचं नाही एवढं ठरवून निघालो, आणि तिसऱ्या दिवशी बूम लिफ्टच्या पिंजऱ्यातून, टॉवरला अंगाचा भार न देता, अँटेना आणि रोटेटर आधी उतरवले, मग क्रेनने धरून सेक्शन.

दुसरे दोन अँकर पूर्ण उकरले. एकावरचं झिंक उडालेलं, दुसऱ्यावर बारीक खड्डे पडलेले, पण जाडी जवळपास पूर्ण. फुलझाडांतलाच एवढा खाल्ला गेला. आणि तो का खाल्ला गेला हे कळायला मला वेळ लागला नाही, कारण त्याच्या शेजारी हातभरावर 2.4 मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला अर्थिंग रॉड उभा ठोकलाय, तांब्याच्या वायरने ताणाला जोडलेला, आणि तो मी ठोकलाय. तिन्ही अँकरपाशी ठोकलेत. वीज पडली तर तारांमधून जमिनीत जायला वाट पाहिजे, हे बरोबरच आहे, ते करावंच लागतं. पण ओल्या मातीत तांबं आणि झिंक चढवलेलं लोखंड वायरने जोडलं की ती बॅटरी होते. आधी झिंक जातं, ते संपलं की लोखंड जायला लागतं. वाफ्याला रोज पाणी आणि वर खत, म्हणजे त्या बॅटरीला काही कमी पडत नव्हतं. अर्थिंगचा रॉडही गॅल्वनाइज्ड घेतला असता तर हे एवढं झालं नसतं. काँक्रीट जमिनीच्या वरपर्यंत आणून लोखंडाला मातीचा स्पर्शच होऊ दिला नसता तरी चाललं असतं. हे सगळं लिहिलेलं आहे, मी वाचलेलं आहे, आणि तरी मी तांबं ठोकलं, कारण तांबं म्हणजे चांगलं काम असं डोक्यात बसलेलं.

ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना रात्री फोन केला. ते म्हणाले, "मी तीस वर्षांत एकही अँकर खणला नाही." त्यांच्याइतका चांगला टॉवरचा माणूस मी बघितलेला नाही. हार्नेसचे दोन्ही हूक एकाच वेळी कधी सोडायचे नाहीत हे त्यांनी मला ओरडून ओरडून शिकवलं, म्हणून मी आज आहे. पण त्यांच्या या उत्तराचा मला अजून राग येतोय, आणि दरवर्षी डायरी भरणाऱ्या माझ्या स्वतःच्या हाताचाही.

रोटेटर उघडला तो आमच्या टेबलावर, उलटा धरून, नाहीतर आतल्या गोळ्या जमिनीवर घरंगळतात. तळाला पाणी निघून जायला भोकं असतात, ती कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलेली. पाणी साचलं, पाचर गंजली. माती काढली, पाचर घासली, कडं पुसलं, गोळ्या धुऊन नवं ग्रीस. दोन तासांचं काम. आता लोण्यासारखा फिरतो. एवढ्यासाठी मी त्या दिवशी 21 मीटर वर निघालो होतो.

कागदावर हिशेबही करून बघितला. 16 चे 6.5 झाले म्हणजे कापाचं क्षेत्रफळ सहाव्या हिश्शावर आलं. स्थिर ओढ 360 किलो. तेवढं ते पोलाद धरू शकतं, नवं आणि गुळगुळीत असतं तर नक्की. चढणाऱ्याचं वजन बहुतेक बुंध्यावर जातं, ताणावर फारसं येत नाही. म्हणजे त्या दिवशी वारा नव्हता तर कदाचित काही झालं नसतं, मी चढून पाचर सोडवून खाली आलो असतो आणि डायरीत सहा आकडे लिहिले असते, सगळे बरोबर. गेज तारेची ओढ मोजतो. रॉड तुटायच्या आदल्या क्षणापर्यंत तो 180 च दाखवणार होता. वर डोकं टॉवरच्या बाहेर काढून रोटेटर उपसताना मात्र आडवा झटका बसतो, आणि तो किती असतो ते मी कधी मोजलेलं नाही.

पोराला मी त्या दिवशी नीट काही बोललोच नाही. दुसऱ्या दिवशी डायरीत प्रत्येक टॉवरसाठी एक नवा रकाना आखला, अँकर, जमिनीखाली 40 सेंटिमीटरपर्यंत, व्हर्नियरने, आणि पहिली नोंद त्याला लिहायला लावली.

तांब्याचे रॉड मी स्वतः ठोकलेले एकूण 11 टॉवर आहेत. सगळ्यांना फोन केले. चौघांकडे खणून झालं, तीन ठीक, एकाकडे रॉड 11 मिलिमीटरवर आलाय, तिथे चढणं बंद केलंय. एक जण म्हणतो, उभा आहे ना, मग हात लावू नका. त्याला रॉडचा फोटो पाठवलाय, अजून उत्तर नाही. येत्या शनिवारी दोन आहेत, दोन्हीकडे अँकर बागेत.